बॅरिअॅट्रिक ऑपरेशननंतर वजन हळू उतरतंय? काय मोजायचं, काय तपासायचं

बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर केलेल्या ऑपरेशनला दोन महिने होतात. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या कुणाचं वजन 18 किलोंनी उतरलेलं असतं आणि तुमचं 11. तेव्हापासून मनात एकच घोळत राहतं: माझंच का अडलंय? बहुतेकदा अडलेलं काही नसतं, ताडून बघायचा आकडाच चुकलेला असतो. कधीकधी मात्र खरोखर कारण असतं, आणि नीट शोधलं तर ते सापडतं. म्हणून आधी मोजमाप नीट करू आणि मग कारणांकडे वळू.

किलोंची तुलना का फसते

एकाच उंचीच्या, 165 सेंटीमीटरच्या दोन व्यक्ती घ्या. पहिलीचं वजन ऑपरेशनच्या दिवशी 140 किलो होतं, सहा महिन्यांनी ते 112 झालं. दुसरीचं 100 वरून 78 वर आलं. किलोंत पहिली पुढे आहे, 28 विरुद्ध 22. पण मूळ वजनाच्या टक्क्यांत पहिलीचं 20 टक्के उतरलं आणि दुसरीचं 22 टक्के. आता तिसरी पद्धत बघा. या उंचीला बीएमआय (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 25 म्हणजे साधारण 68 किलो. त्याच्या वरचं सगळं 'जादा वजन' धरलं, तर पहिलीनं 72 पैकी 28 किलो, म्हणजे सुमारे 39 टक्के जादा वजन घालवलं. दुसरीनं 32 पैकी 22, म्हणजे जवळजवळ 69 टक्के. माणसं तीच, सहा महिने तेच, पण पद्धत बदलली की कोण पुढे आणि कोण मागे तेही बदलतं.

म्हणून कुणी "माझं 70 टक्के गेलं" असं सांगितलं, तर ते कशाचे टक्के आहेत हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. स्वतःसाठी एकच सूत्र धरा: ऑपरेशनच्या दिवशीचं वजन वजा आजचं वजन, भागिले ऑपरेशनच्या दिवशीचं वजन, गुणिले 100. आधारवजनही पक्कं ठरवून टाका. काहीजण आयुष्यातल्या सर्वांत जास्त वजनापासून मोजतात, काहीजण ऑपरेशनआधीचा पातळ आहार सुरू केला त्या दिवसापासून, तर काहीजण थेट ऑपरेशनच्या दिवसापासून. फक्त एवढ्यानंच दोघांच्या आकड्यांत कित्येक किलोंचा फरक पडतो.

अंदाजासाठी सांगायचं तर, स्लीव्हनंतर (जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं ऑपरेशन) वर्षभरात सरासरी मूळ वजनाच्या सुमारे 25 टक्के आणि बायपासनंतर (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) सुमारे 30 टक्के वजन उतरतं. सर्वांत वेगानं ते पहिल्या सहा महिन्यांत उतरतं. मग वेग मंदावतो आणि साधारण 12 ते 18 महिन्यांच्या दरम्यान वजन स्थिरावतं. ही सरासरी आहे. अनेकांचं याहून कमी उतरतं आणि तरीही त्यांची साखर, रक्तदाब, झोप आणि गुडघे सुधारतात.

वेग वेगळा का असतो

सुरुवातीचं वजन जास्त असेल तर किलो भराभर उतरतात, कारण जड शरीराला रोज जास्त ऊर्जा लागते. पुरुषांमध्ये स्नायूंचं प्रमाण जास्त असल्यामुळे पहिल्या महिन्यांत बहुधा त्यांचा आकडा मोठा दिसतो. पती-पत्नी दोघांचंही ऑपरेशन झालं असेल तर हा फरक घरात रोज टोचतो, म्हणून तो आधीच समजून घ्या. वय, टाइप 2 मधुमेह, रजोनिवृत्ती, चालण्यावर मर्यादा आणणारे सांधे, आनुवंशिकता, ऑपरेशनचा प्रकार आणि हे पहिलं ऑपरेशन आहे की दुसरं, या सगळ्यांचा वेगावर परिणाम होतो. यातलं बरंचसं तुमच्या हातात नाही, त्यामुळे त्यासाठी स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही.

औषधांकडे मात्र नक्की लक्ष द्या. इन्सुलिन, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या, स्टेरॉइड, काही नैराश्यरोधक, काही मानसोपचाराची औषधं, गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) आणि काही बीटा-ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयासाठीच्या गोळ्या) वजन उतरण्याच्या आड येऊ शकतात. सगळ्या औषधांची यादी करून डॉक्टरांसमोर ठेवा. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका.

तिसऱ्या आठवड्यातला थांबा

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात कधीतरी काटा हलायचा थांबतो. एक आठवडा, दोन आठवडे, कधी तीन. इतक्यांच्या बाबतीत हे घडतं की डिस्चार्जच्या कागदावरच ते छापायला हवं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. सुरुवातीच्या उपासमारीत हा साठा संपतो, पाणी निघून जातं आणि वजन धडाधड उतरतं. आहार थोडा वाढला की साठ्याचा काही भाग परत भरतो, पाणीही परत येतं. चरबी आतून कमी होतच असते, पण आलेलं पाणी तो फरक झाकून टाकतं. पुढच्या महिन्यांतही असे थांबे येतात. पाळीच्या आधी, बद्धकोष्ठतेत, खारट खाल्ल्यावर किंवा नवा व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंत पाणी साचून काटा किलो-दीड किलोनं वर जाऊ शकतो.

वजन कसं करायचं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, कमीत कमी कपड्यांत, त्याच काट्यावर आणि कडक जमिनीवर. गालिच्यावर ठेवलेला काटा चुकीचं वजन दाखवतो. एका आठवड्याच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, चार आठवड्यांची रेष बघा. दिवसातून तीनदा काट्यावर चढायची सवय लागली असेल, तर घरातल्या कुणाला तरी काटा ठेवून द्यायला सांगा आणि फक्त ठरलेल्या दिवशी मागून घ्या.

महिन्यातून एकदा कंबर, नितंब, मांडी आणि दंड यांचं माप फितीनं घ्या. कंबर नेहमी बेंबीच्या पातळीवर मोजा. शेजारी साखर, रक्तदाब, न थांबता किती मिनिटं चालता येतं आणि कोणती गोळी कमी झाली, हेही लिहून ठेवा. एकाच कपड्यांत, एकाच जागी उभं राहून फोटो काढा. मनातली शरीराची प्रतिमा खूप उशिरा बदलते, आणि आरशापेक्षा जुना फोटो ते लवकर पटवतो.

चार आठवड्यांतही हललं नाही, तर या क्रमानं तपासा

आधी तीन दिवसांची नोंद करा, त्यातला एक सुट्टीचा दिवस असू द्या. खाण्याचे पदार्थ काट्यावर तोलून लिहा आणि स्वयंपाक करताना घेतलेला घाससुद्धा सोडू नका. या तीन दिवसांत काहीही बदलू नका. नोंद नेहमीच्या खाण्याची हवी, चांगल्या वागणुकीची नको.

मग प्रथिनं मोजा. बहुतेकांना रोज 60 ते 80 ग्रॅम लागतात, नेमका आकडा तुमचा आहारतज्ज्ञ सांगेल. प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की शरीर आरामात असताना जाळत असलेली ऊर्जाही घटते. प्रत्येक जेवणात पहिला घास प्रथिनांचा असू द्या.

मग पातळ आणि मऊ पदार्थ बघा. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त गळती इथेच सापडते. साखर घातलेली पेयं, फळांचे रस, आइस्क्रीम, पेयात बुडवून खाल्लेली बिस्किटं, तोंडात विरघळणारे कुरकुरीत पदार्थ हे लहान झालेल्या जठरातून अडथळ्याविना सरकतात. पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि कॅलरी मात्र जमा होत जातात. जेवताना पाणी पिण्यानंही घास लवकर पुढे सरकतो. म्हणून जेवणाबरोबर पिऊ नका, जेवणानंतर 30 मिनिटं थांबा आणि बाकीच्या वेळात घोटाघोटानं दिवसभरात किमान दीड लिटर प्या. दारूतही कॅलरी भरपूर असतात. शिवाय बायपासनंतर ती रक्तात फार लवकर चढते आणि तिचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो.

सतत थोडंथोडं खाणं चालू असेल, तर त्याच्या मागे काय आहे ते बघा. बायपास झालेल्यांमध्ये गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरतात, घाम येतो, भूक लागते, परत गोड खाल्लं जातं आणि चक्र सुरू होतं. इथे मनोबल अपुरं पडतं असं नाही, आहाराची रचनाच बदलावी लागते. हे डॉक्टरांना नक्की सांगा.

शेवटी हालचाल आणि झोप. सर्जननं परवानगी दिल्यावर, साधारण सहा आठवड्यांनंतर, आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम सुरू करा. नुसतं चालणं स्नायू टिकवायला पुरत नाही. स्लीप एप्नियाचं (झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराचं) यंत्र वापरत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

हे करू नका

वजन हललं नाही म्हणून प्रथिनं किंवा जेवणं कापू नका. 'जठर पुन्हा लहान करायला' पाच दिवस पातळ आहारावर राहायचा सल्ला फिरत असतो. त्यानं जठर लहान होत नाही. चार दिवस फक्त पाणी उतरतं आणि मग ते परत येतं. जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडू नका, त्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा. दुसऱ्याला लागू पडलेलं भूक कमी करायचं इंजेक्शन स्वतःहून घेऊ नका. गरज असेल तर तुमचा डॉक्टर ते आहाराला जोड म्हणून देऊ शकतो, आणि ते घ्यावं लागणं म्हणजे हार नाही.

तुलना कशी आवरायची

ज्यांचं भराभर उतरतं ते फोटो टाकतात. ज्यांचं थांबलंय ते गप्प बसतात. त्यामुळे समोर दिसणारं चित्र नेहमी एका बाजूला झुकलेलं असतं. एखाद्याचे फोटो बघून प्रत्येक वेळी छातीत काहीतरी दाटत असेल, तर त्या व्यक्तीच्या पोस्ट तीन महिने लपवून ठेवा. नातं तोडायची गरज नाही. "किती उतरलं?" असं विचारणाऱ्यांसाठी एक वाक्य आधीच तयार ठेवा: "डॉक्टर समाधानी आहेत, आकडा मी सांगत नाही." ते शांतपणे म्हणा आणि विषय बदला. ज्याच्याशी सर्वांत जास्त तुलना होते तो जवळचाच असेल, तर त्याच्याशी उघड बोला: पुढचे काही महिने आपण एकमेकांना वजन विचारायचं नाही. हे बहुतेकांना हवंच असतं, पण पहिल्यांदा बोलायला कुणीतरी लागतं.

तुलना करताना हात खाण्याकडे जातो का, तेही बघा. पूर्वी अन्नानं मन शांत व्हायचं. आता ती वाट जवळजवळ बंद झालेली असते आणि मन दुसरं काही शोधतं. अशा वेळी समुपदेशकाची मदत लवकर घ्या, वर्षभर थांबू नका.

फोन कधी करायचा

पहिल्या वर्षात सलग तीन महिने वजन किंवा माप काहीच हललं नाही, वजन वाढू लागलं, भूक एकदम परत आली, किंवा केस सहाव्या महिन्यानंतरही खूप गळत राहिले, तर ठरलेल्या भेटीची वाट न बघता वेळ मागा. जाताना तीन दिवसांची नोंद, मापांची वही आणि औषधांची यादी बरोबर न्या आणि थायरॉइड, लोह, बी12 यांच्या तपासण्यांबद्दल विचारा.

सतत उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर त्याच दिवशी जा. वजन झपाट्यानं उतरतंय म्हणून खूश होऊन थांबू नका. काही आठवड्यांतच थायमिन (बी1 जीवनसत्त्व) संपतं आणि मेंदूला, नसांना कायमची इजा होऊ शकते. तीव्र पोटदुखी, ताप, धडधड वाढणं किंवा काळी शौच दिसली तर थेट आपत्कालीन विभाग गाठा. स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील, तर तेही आपत्कालीनच धरा. या ऑपरेशननंतरच्या वर्षांत असे विचार येण्याचा धोका वाढलेला आढळला आहे, म्हणून ते लपवू नका. सर्जनच्या टीमला आणि घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा.