फुलांच्या फोटोंसाठी सॉफ्टवेअर निवडताना

कास पठारावरची टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिचा फोटो कितीही देखणा असो, तो कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात काढला हे कळत नसेल तर अभ्यासाला अर्धाच उपयोगी. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळा सरत आला की मुलांचे फोटो माझ्याकडे येऊ लागतात आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला: मूळ फाइल आहे ना? व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान तर होतोच, वर कॅमेऱ्यानं त्यात लिहिलेली तारीख, जागा, लेन्स, शटरचा वेग सगळं गळून जातं. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की शाबूत पोचतो.

म्हणून आधी हा मेटाडेटा नीट दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या, एडिटिंगचं मागाहून बघू. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ उघडलं तर थोडंफार दिसतं. तिथं ‘डेट टेकन’ बघायची. ‘डेट क्रिएटेड’वर जाऊ नका, पेन ड्राइव्हवरून कॉपी केली की तिथं आजची तारीख येते. रोजच्या कामाला मी एक्सएनव्ह्यू एमपी सुचवते. घरगुती वापराला ते फुकट आहे, आणि एक्झिफ (कॅमेऱ्यानं लिहिलेली माहिती), आयपीटीसी आणि एक्सएमपी (नाव, वर्णन यांसारख्या नोंदींचे दोन साचे) या तिन्ही प्रकारची माहिती वेगवेगळी दाखवतं. त्याहून खोलात जायचं तर फिल हार्वे यांचं एक्झिफटूल, तेही फुकट. ते टाइप केलेल्या कमांडवर चालतं म्हणून मुलं बिचकतात, पण विंडोजवर फोटो ओढून त्याच्या आयकॉनवर सोडला तरी सगळी यादी समोर येते. कॅमेऱ्याचं घड्याळ तासभर मागे असेल तर अख्ख्या फोल्डरच्या वेळा एका कमांडनं पुढे सरकवता येतात, आणि मूळ फाइल ते आपणहून वेगळ्या नावानं बाजूला ठेवतं. दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

आता मराठीत नोंदी करणाऱ्यांसाठी एक खास परीक्षा. सॉफ्टवेअरमध्ये फोटोच्या वर्णनाच्या रकान्यात ‘सीतेची आसवं, कास’ (फुलाचं नाव आणि जागा) असं टाइप करा, सेव्ह करा आणि तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर ते आपल्या कामाचं नाही. एक्सएमपी युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत असतं, त्यामुळे तिथं देवनागरी टिकते. एक्झिफमधला वर्णनाचा जुना रकाना मुळात इंग्रजी अक्षरांसाठी आखलेला, तिथं गडबड होते. शेकडो फोटोंना फुलांची नावं द्यायची असतील तर डिजिकॅम हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर घ्या. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन नावं फाइलमध्येही लिहिली जातील असं करून ठेवा. ती नुसत्या त्याच्या डेटाबेसमध्ये राहिली, तर कॉम्प्युटर बदलल्यावर नोंदींना मुकाल.

एडिटिंगचं म्हणाल तर आपल्याला लागतं काय? धुक्यात काढलेली सीतेची आसवं जांभळी असूनही फोटोत निळसर उतरते. रंग हीसुद्धा ओळखीची खूण, तेव्हा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडामुळे रंगात आलेली झाक, सुधारता आलाच पाहिजे. तो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्यानं काहीही प्रक्रिया न करता ठेवलेल्या फाइलमध्ये) सगळ्यात चांगला सुधारतो. त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट. मूळ फाइलला हात न लावता ती आपले बदल शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. फोटो दुसरीकडे हलवताना ती छोटी फाइलही सोबत न्या. याच कामाचं लाइटरूम उत्तम आहे, पण दरमहा पैसे मोजावे लागतात. विद्यार्थ्यांना मी त्या खर्चात पाडत नाही. पोस्टरसाठी पार्श्वभूमी कापणं, अक्षरं टाकणं असलं काम गिंप या एडिटरमध्ये होतं. एक्सपोर्ट करताना तिथं एक्झिफ आणि एक्सएमपी सेव्ह करायच्या चौकटी असतात, त्या टिक केलेल्या आहेत का बघा. आणि जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, दर वेळी थोडा तपशील जातो. पाकळीवरच्या बारीक शिरा आधी पुसट होतात.

कुठलंही एडिटर पक्कं करण्याआधी एक फोटो त्यात उघडून सेव्ह करा आणि आधीची व नंतरची फाइल एक्झिफटूलनं शेजारी शेजारी ताडून बघा. तारीख जाग्यावर नसेल तर ते सॉफ्टवेअर बाद.

जीपीएसचं मात्र उलट आहे. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर फोटोत रोपाची नेमकी जागा नोंदली जाते. 2012 साली पठाराचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून यवतेश्वरच्या घाटातून वर जाणारी गर्दी सगळे बघतातच. वायतुऱ्यासारख्या दुर्मीळ झाडाचा पत्ता चारचौघांत वाटणं मला मुळीच पटत नाही. मूळ फाइलमध्ये जागा राहू द्या, अभ्यासाला ती हवीच. बाहेर देण्यासाठी वेगळी प्रत काढा आणि तिच्यातून फक्त लोकेशन काढून टाका. लाइटरूममध्ये एक्सपोर्टच्या वेळी तो पर्याय असतो, एक्झिफटूलमध्ये एका कमांडनं होतं. मग ती प्रत एक्सएनव्ह्यूमध्ये उघडा, जीपीएसचा रकाना रिकामा दिसला की पाठवा.