टनेल वर आहे, पण पॅकेट जातंय का?

नेटवर्कच्या कामाला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते, तेव्हा पहिला साइट-टू-साइट व्हीपीएन, म्हणजे दोन जागांची जाळी इंटरनेटवरून सुरक्षित जोडणारा टनेल, माझ्या हातात आला. एका टोकाला मुख्य कार्यालय, दुसऱ्या टोकाला नवी शाखा, मध्ये साधं इंटरनेट. रात्री उशिरा दोन्ही फायरवॉलवर हिरवा दिवा लागला. पलीकडच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे पोचतंय का ते पाहणारं चाचणी-पॅकेट पाठवलं, उत्तर आलं. ‘काम झालं’ असा मेल टाकून मी झोपले. सकाळी शाखेतून फोन आला. लॉगिनचं पान उघडतंय, पासवर्डही घेतंय, पण अहवाल उघडायला गेलं की पान पांढरंच राहतंय. मी पिंग केलं, चालू. पुन्हा केलं, चालू.

दुपारपर्यंत रूट पाहून झाले, पॉलिसी पाहून झाल्या, टनेल पाडून पुन्हा उभा करून झाला. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शेजारी खुर्ची ओढली आणि एवढंच विचारलं, “पिंग केवढं केलंस?”

तो प्रश्न मला तेव्हा कळलाच नाही. नेहमीचं पिंग लहान असतं. विंडोजवर त्यात ३२ बाइटांचा मजकूर जातो, लिनक्सवर ५६. लॉगिनचं पानही हलकंच होतं. अहवाल मात्र भरगच्च पॅकेटांतून येत होता. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा साधारणपणे १५०० बाइट. आमचा टनेल ज्या आयपीसेक प्रोटोकॉलवर उभा होता, तो त्या पॅकेटला आणखी एका पाकिटात घालतो. बाहेरचा नवा आयपी हेडर, ईएसपीचा (आयपीसेकच्या या पाकिटाचा) हेडर, भरतीचे बाइट, शेवटी पॅकेटशी छेडछाड झाली नाही हे दाखवणारी खूण असं सगळं धरून पन्नास ते ऐंशी बाइट सहज वाढतात. आधीच काठोकाठ भरलेलं पॅकेट मग मावत नाही. अशा वेळी वाटेतला राउटर ‘पॅकेट मोठं आहे, लहान पाठव’ असा आयसीएमपी संदेश (जाळ्यातल्या अडचणी कळवणारा निरोप; पिंगही त्याचाच प्रकार) मागे धाडतो. पण आमच्या एका फायरवॉलवर ‘सुरक्षेसाठी’ इंटरनेटच्या बाजूने येणारं सगळंच आयसीएमपी बंद केलेलं होतं; माझं पिंग टनेलच्या आतून जात होतं, म्हणून ते चालत होतं. सर्व्हर मोठी पॅकेट पाठवत राहिला, ती गळत राहिली, आणि कोणी कोणाला काही कळवलं नाही.

सहकाऱ्यांनी पॅकेटचे तुकडे करू नयेत अशी खूण लावून १४७२ बाइटांचं पिंग करायला सांगितलं. त्यात हेडरचे २८ मिळवले की बरोबर १५०० होतात. ते गेलं नाही. आकडा उतरवत उतरवत एका जागी उत्तर आलं. मग टनेलवर टीसीपीची एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात घालायच्या डेटाची कमाल मर्यादा, १३६० वर बांधली आणि अहवाल धाडकन उघडला. तो दिवस मी विसरलेली नाही. हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की दोन टोकांचं आपसात जमलं आहे. तुमचा डेटा पोचतोय का, आणि टोकाशी बसलेला माणूस आपलाच आहे का, हे त्या दिव्याला माहीत नसतं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करते. जाहिरातींमध्ये ज्याला व्हीपीएन म्हणतात, तो एका माणसाचा ट्रॅफिक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत बाहेर काढतो. कंपन्यांमध्ये आपण उभारतो तो व्हीपीएन दोन खाजगी जाळी जोडतो, किंवा एका कर्मचाऱ्याचा लॅपटॉप आतल्या जाळ्याला जोडतो. तंत्र तेच असलं तरी हेतू वेगळा. मुलाखतीत हा फरक स्पष्ट सांगता आला नाही, तर पुढचे प्रश्न अवघड जातात.

आत नक्की काय होतं, हे पाठ करण्यापेक्षा डोळ्यांनी पाहा. दोन व्हर्च्युअल मशिनं उभी करा, एकीवर साधं एचटीटीपी पान ठेवा आणि दोघींच्या मध्ये वायरशार्क हे पॅकेट पकडून दाखवणारं साधन लावा. टनेल नसताना पान उघडलंत की त्यातला मजकूर अक्षर न् अक्षर वाचता येतो. मग टनेल चढवा आणि तेच पान पुन्हा उघडा. आता दिसतात ती नुसती ईएसपीची पॅकेट: एक एसपीआय (टनेलची ओळख-संख्या), एक चढता क्रमांक आणि पुढे निरर्थक बाइट. पण तिथेच थोडं थांबून पाहा. बाहेरच्याला अजूनही दोन्ही टोकांचे सार्वजनिक पत्ते दिसतात, किती वाजता किती डेटा गेला तेही दिसतं. हे झाकणं व्हीपीएनच्या कामात येत नाही, हेही माहीत असावं.

त्या चढत्या क्रमांकाकडे नवे लोक दुर्लक्ष करतात. मला तो फार आवडतो. समजा कोणी पैसे वळते करण्याच्या आदेशाचं पॅकेट वाटेत पकडलं. ते त्याला वाचता येत नाही, बदलता येत नाही, कारण एक बिट हलला तरी खूण जुळत नाही आणि पॅकेट फेकलं जातं. मग तो तेच पॅकेट जसंच्या तसं पुन्हा पाठवून पाहील. क्रमांक आधीच येऊन गेलेला असल्याने टनेलचं दुसरं टोक ते नाकारतं. व्यवसायाच्या डेटाला गुप्ततेइतकीच या दोन गोष्टींची गरज असते.

आता किल्ली. दोन टोकं एकमेकांना किल्ली पाठवत नाहीत, हे समजायला मला बराच वेळ लागला. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने दोघं उघड्या रस्त्यावर काही संख्यांची देवाणघेवाण करतात आणि आपापल्या घरी तीच गुप्त संख्या काढतात. ऐकणाऱ्याला ती काढता येत नाही. आयपीसेकमध्ये हे काम आयकेई करतं, यूडीपीच्या ५०० पोर्टवर, आणि मध्ये नॅट (पॅकेटवरचे पत्ते बदलणारी सोय) असेल तर ४५०० वर. बोलताना आपण त्याला फेज वन आणि फेज टू म्हणतो. पहिल्यात गुप्त किल्ली तयार होते आणि दोघं एकमेकांची ओळख पटवतात. दुसऱ्यात कोणत्या सबनेटपासून (पत्त्यांच्या गटापासून) कोणत्या सबनेटपर्यंतचा ट्रॅफिक या टनेलमधून जाईल ते ठरतं. फेज वन उभा राहतो आणि फेज टू पडतो, तेव्हा बहुतेक वेळा एका टोकाला /२४ (लहान गट) लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला /१६ (मोठा गट). दोन वेगळ्या कंपन्यांची उपकरणं असली की हे हमखास होतं. म्हणून कॉन्फिग करण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकच तक्ता भरून त्यावर होकार द्यावा, असा माझा आग्रह असतो. अल्गोरिदम, डीएच (डिफी-हेलमन) ग्रुप, किल्लीची मुदत, सबनेट, सगळं त्यात यावं.

त्या तक्त्यात प्री-शेअर्ड की, म्हणजे ओळख पटवायला दोन्ही टोकांवर आधीच ठेवलेला सामायिक पासवर्ड, मात्र लिहायची नाही. एका भागीदार कंपनीच्या इंजिनिअरने मला कॉन्फिग, दोन्ही पत्ते आणि की एकाच मेलमध्ये पाठवली होती. कितीही भक्कम एईएस एन्क्रिप्शन लावलं, तरी तो मेल ज्याच्या हाती लागेल त्याला दार उघडंच. मी नवी की मागितली आणि ती वेगळ्या मार्गाने घेतली. टनेल वाढत गेले की सामायिक की सोडून प्रत्येक उपकरणाच्या डिजिटल प्रमाणपत्रांकडे वळावं. सुरुवातीला त्यांचा व्याप वाटतो, पण एखादं उपकरण हरवलं तर तेवढंच एक प्रमाणपत्र रद्द करता येतं.

शिकायला सुरुवात कशाने करावी असं मला विचारतात. माझं मत, वायरगार्ड. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आला. त्याचं कॉन्फिग दहा-बारा ओळींचं असतं. एका संध्याकाळी टनेल उभा राहतो आणि टनेल म्हणजे काय ते हाताला कळतं. एक ध्यानात ठेवा. अनोळखी पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे किल्ली चुकली तरी काही चूक दिसत नाही, नुसती शांतता असते. त्यानंतर लिनक्सवर स्ट्राँगस्वान हे सॉफ्टवेअर घेऊन आयपीसेक करा, कारण नोकरीत फायरवॉलवर बहुतेकदा तेच भेटेल. ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे आणि आजही जागोजागी आहे, तोही एकदा उभारून पाहा. पीपीटीपी हा जुना व्हीपीएन प्रोटोकॉल फक्त ओळखता यावा म्हणून वाचा. त्याच्या एमएस-चॅप व्ही२ या ओळख-पद्धतीचं सगळं बळ शेवटी डेस या जुन्या एन्क्रिप्शनच्या एका ५६ बिटांच्या किल्लीवर येऊन ठेपतं, हे २०१२ मध्ये दाखवून झालं आहे. आणि डेस तर १९९८ मध्येच एका खास यंत्राने ५६ तासांत फोडला होता. जुन्या राउटरवर पीपीटीपी चालू सापडला, तर तो बंद करायला लावा, मग समोरचा कितीही ‘चालतंय ना’ म्हणो.

पत्त्यांबद्दल थोडक्यात. दोन्ही बाजूंना १९२.१६८.१.०/२४ असेल, तर पॅकेट टनेलकडे वळतच नाही. ते आपल्याच जाळ्यात पलीकडचं यंत्र शोधत बसतं. घरगुती राउटरांवर हाच पत्ता सर्रास असतो, म्हणून कार्यालयात तो कधीच ठेवू नका. मी अशा जागी नॅट लावून वेळ मारून नेली आहे. आजही त्या नोंदी वाचताना डोकं फिरतं. तेव्हाच पत्ते बदलायला हवे होते.

२०२० मध्ये सगळे एकदम घरून काम करू लागले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आमच्या रिमोट-ॲक्सेस (घरचे लॅपटॉप जोडणाऱ्या) व्हीपीएनचा पत्त्यांचा साठा एका /२४ चा होता, म्हणजे जास्तीत जास्त २५४ माणसं. सकाळी दहापर्यंत तो भरायचा आणि त्यानंतर येणाऱ्याला ‘कनेक्शन अयशस्वी’ एवढंच दिसायचं. साठा वाढवला तर गेटवेचा, म्हणजे हे सगळे टनेल जिथे येऊन मिळतात त्या यंत्राचा, प्रोसेसर दमला, कारण व्हिडिओ बैठकांसकट सगळा ट्रॅफिक कार्यालयातून फिरून जात होता. तेव्हा आम्ही स्प्लिट टनेल केला: आतल्या सर्व्हरचा ट्रॅफिक टनेलमधून, बैठकांचा थेट बाहेर. याने भार उतरला, पण तो लॅपटॉप आता एका पायाने आपल्या जाळ्यात आणि एका पायाने उघड्या इंटरनेटवर उभा राहिला. म्हणून स्प्लिट टनेल फक्त कंपनीने दिलेल्या, अद्ययावत लॅपटॉपनाच द्यावा आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) कुठून जातंय ते स्वतः तपासावं. आतल्या सर्व्हरची नावं बाहेरच्या डीएनएसला विचारली जात असतील, तर टनेल कितीही पक्का असला तरी आपलं घर कसं रचलंय ते बाहेर कळत राहतं.

आणि टोकाशी बसलेला माणूस. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली. हल्लेखोर आत आले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डशिवाय दुसरा कुठलाही पडताळा नव्हता. त्यांना एन्क्रिप्शन फोडावं लागलं नाही. टनेलने त्यांचाही डेटा तितक्याच निगुतीने जपून आत नेला. ही बातमी वाचून मी आमच्याकडची शेवटच्या लॉगिनची यादी काढली. आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका व्यक्तीचं खातं चालू होतं. कोणी ते वापरलेलं नव्हतं, पण माझ्या पोटात गोळा आला. त्यानंतर दोन गोष्टी ठरल्या: दुसऱ्या पडताळ्याशिवाय एकही खातं नाही, आणि माणूस जातो त्याच दिवशी मनुष्यबळ विभागाकडून आमच्याकडे निरोप.

गेटवेची डागडुजीही याच खात्यात धरा. तो यंत्रखोलीत बसलेला असला तरी इंटरनेटला तोंड करून उभा असतो. २०१९ मध्ये पल्स कनेक्ट सिक्युअर या व्हीपीएन गेटवेमध्ये अशी भेग सापडली की लॉगिन न करताच त्यातल्या फाइली वाचता येत होत्या. पॅच आला, अनेकांनी लावला, तरीही पुढे काही जाळ्यांत घुसखोरी झालीच, कारण पॅचच्या आधी चोरलेले पासवर्ड नंतरही चालत होते. पॅच लावणं, पासवर्ड बदलणं आणि चालू सेशन तोडणं हे मी एकाच कामाचे तीन भाग मानते.

मुलाखतीत मी उमेदवारांना नेहमी विचारते: टनेल वर आहे, ट्रॅफिक जात नाही, काय पाहाल? अचूक कारण सांगावं अशी माझी अपेक्षा नसते. पॅकेटच्या मागे मागे कोण जातं ते मला पाहायचं असतं. निघालेल्या यंत्राचा रूट, मग फायरवॉलची पॉलिसी, मग टनेलच्या ट्रॅफिकवर चुकून नॅट लागतंय का, मग टनेलचे पाठवलेले आणि आलेले असे दोन्ही आकडे, मग पलीकडून परतीचा रूट. पाठवलेला आकडा वाढतोय आणि आलेला शून्यावर आहे, एवढं दिसलं तरी अर्धा शोध संपतो. सबनेटिंग, रूटिंग आणि टीसीपी पक्कं असलं की हे जमतं. सीसीएनएसारख्या नेटवर्किंगच्या परीक्षेच्या तयारीत हा पाया होतो, पण वायरशार्क उघडण्याची सवय आपली आपणच लावावी लागते.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. मी एकदा शाखेच्या फायरवॉलची आयकेई सेटिंग बदलत होते, आणि त्या फायरवॉलपर्यंत पोचले होते त्याच टनेलमधून. बदल लागू केला आणि स्क्रीन गोठली. ज्या फांदीवर बसले होते तीच तोडली होती. रात्री साडेअकराला तिथल्या सुरक्षारक्षकांना फोन करून, उपकरणाचं वर्णन सांगून, ते बंद-चालू करवून घेतलं; जुनं कॉन्फिग सेव्ह होतं म्हणून निभावलं. आता दूरच्या टोकाला हात लावण्याआधी मी दहा मिनिटांनी जुनं कॉन्फिग आपोआप परत येईल असा टायमर लावते. मग बदल करते, टनेल परत येण्याची वाट पाहते, मोठं पिंग करते, एक खरीखुरी फाइल पलीकडून आणते. फाइल पूर्ण उतरली की टायमर रद्द करायचा आणि मगच सेव्ह.