जिनिंगच्या काट्यावरून ऑफिसात: लिनक्सवर जावा आरएमआय

कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसायला हवं. दोन्हीकडे जावा आणि लिनक्स असेल, तर ओपनजेडीके (जावाचं मोफत पॅकेज) पुरे. आरएमआय, म्हणजे एका मशीनवरच्या जावा प्रोग्रामने दुसऱ्या मशीनवरची मेथड (फंक्शन) बोलावण्याची सोय, त्यातच येतं; वेगळं काही डाउनलोड करायला नको. नेट रेंगाळणाऱ्या गावात ही मोठीच सोय.

कोर्बा ही वेगवेगळ्या भाषांतले प्रोग्राम नेटवर्कवरून जोडणारी जुनी पद्धत; तिच्या जुन्या पुस्तकावरून शिकू नका. जावा ११ मधून (२०१८) कोर्बा काढून टाकलं. जुन्या यंत्रणेशी बोलायचंच असेल तर जॅकऑर्ब हे मोफत साधन वेगळं घ्यावं लागतं. एका बाजूला पायथन असेल तर जीआरपीसी (अनेक भाषांत चालणारं तसंच साधन) बरं. आरएमआयसाठी पूर्वी स्टब बनवणारं आरएमआयसी हे साधनही आता लागत नाही. स्टब, म्हणजे क्लायंटकडे राहणारे सर्व्हरच्या ऑब्जेक्टचे प्रतिनिधी, आपोआप तयार होतात.

खरी गोची पुढे आहे. काट्यावरच्या सर्व्हरचं नाव रजिस्ट्रीत (नावावरून स्टब देणारी यादी) सापडतं, पण मेथड कॉल केली की 'कनेक्शन रिफ्युज्ड'. डेबियन-उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव बहुधा १२७.०.१.१ ला, म्हणजे 'मी स्वतः' अशा अर्थाच्या पत्त्याला, बांधलेलं असतं. स्टब तोच पत्ता घेऊन ऑफिसात जातो आणि तिथे स्वतःचंच दार ठोठावतो. सर्व्हर सुरू करताना 'जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम' मध्ये लॅनचा (स्थानिक नेटवर्कवरचा) पत्ता द्या, उदा. १९२.१६८.१.१०. राउटरमध्ये तो पक्का करा, नाहीतर लाइट जाऊन आली की बदलू शकतो.

रजिस्ट्रीचा पोर्ट (जोडणीचा दरवाजा क्रमांक) १०९९. ऑब्जेक्टचा पोर्ट शून्य ठेवला तर दरवेळी नवा मिळतो आणि फायरवॉल अडवते; ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट करताना (नेटवर्कवर खुलं करताना) ११०० द्या, फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडा.

सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर जुना स्टब निकामी होतो. रिमोटएक्सेप्शन (दूरच्या कॉलमधली चूक) आलं की क्लायंटने रजिस्ट्रीत पुन्हा लुकअप (नावाने शोध) करायचं.