मालवाहू जहाजावर पहिला महिना: डेकवरच्या नवख्यासाठी

सामान केबिनमध्ये ठेवलं की आधी मस्टर लिस्ट वाचा. कोणती लाइफबोट आपली, आग लागली तर कोणतं काम आपलं, हे तिथे लिहिलेलं असतं. सात लहान आणि एक लांब भोंगा म्हणजे जनरल अलार्म. केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे अलार्म झाल्यावर जमायच्या जागेपर्यंत, दोनदा चालून पाहा, एकदा भिंतीला हात लावून दारं मोजत. धुरात किंवा दिवे गेल्यावर तो हातच वाट दाखवतो. इमर्शन सूट (थंड पाण्यात वाचवणारा अंगभर पोशाख) दोन मिनिटांत अंगावर चढला पाहिजे. चेन अडकत असेल तर त्याच दिवशी सांगा.

सगळ्यात जपायचं ते मूरिंगच्या, म्हणजे जहाज धक्क्याला दोरांनी बांधण्याच्या वेळी. सिंथेटिक दोर ताणला की रबरासारखी ताकद साठवतो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो. डेकवर रंगवलेल्या धोक्याच्या पट्ट्यांवर विसंबू नका. दोर रोलरवरून वळला की त्याच्या फटक्याची दिशाही बदलते, म्हणून ताण असताना मूरिंगचा सगळा डेकच धोक्याचा समजा. पडलेल्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, ताणलेला दोर ओलांडायचा नाही. विंचच्या (दोर ओढणाऱ्या यंत्राच्या) ड्रमवर दोर धरताना किमान एक मीटर मागे उभे राहा. फार जवळ उभं राहिलं आणि दोर घसरला, की हात ड्रमकडे ओढला जातो.

बंद जागा दिसायला निरुपद्रवी असतात: बॅलास्ट टँक (जहाज स्थिर ठेवायला पाणी भरायची टाकी), चेन लॉकर (नांगराच्या साखळीची खोली), होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, उतरण्याची बंदिस्त शिडी. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. लाकडाचे ओंडके आणि कोळसाही तेच करतात. वास येत नाही, घुसमट जाणवत नाही, माणूस थेट कोसळतो. आधी पुरेसं वायुवीजन, मग वायू मोजणारा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजमाप. ऑक्सिजन 20.9 टक्के हवा. आत जाण्याच्या परमिटवर सही आणि प्रवेशाच्या तोंडाशी रेडिओ घेऊन उभा असलेला माणूस नसेल तर आत जायचं नाही. आत कुणी पडलेला दिसला तर अलार्म द्या, श्वसनयंत्राशिवाय उडी घेऊ नका. अशा अपघातांत वाचवायला धावलेले वारंवार दगावतात.

रोजचं काम बहुतेक गंज खरवडण्याचं. गॉगल, कानाचे मफ आणि हातमोजे घाला. खरवडल्यावर जागा गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच प्रायमर. खाली मीठ राहिलं तर रंगाला फोड येतात आणि तीच जागा पुन्हा तुमच्याच वाट्याला येते.

रात्रीच्या लुकआउटला (समुद्रावर नजर ठेवण्याच्या पाळीला) थोडं आधी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, जा, डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. दिवा दिसला की लगेच सांगा, कशाचा आहे ते कळेपर्यंत थांबू नका.

झोपेचाही नियम आहे: 24 तासांत किमान 10 तास विश्रांती, जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक किमान 6 तासांचा. आठवड्याला किमान 77 तास विश्रांती. बंदरात हे कोलमडतं, तेव्हा रजिस्टरमध्ये खरेच तास लिहा आणि डोळे मिटत असतील तर मूरिंगला जाण्याआधी बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) स्पष्ट सांगा.