लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि सरकारी विमा : या चुका टाळा

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळेल का, हा प्रश्न नागपुरातील बहुतेक कुटुंबे शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यानंतर विचारतात, आणि पहिली चूक तिथेच होते. डॉक्टरांनी पात्र ठरवले म्हणजे विमाही पात्र ठरवेल असे आपण गृहीत धरतो. परंतु दोघांचे आकडे वेगळे आहेत. भारतीय तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) 37.5 असल्यास, किंवा 32.5 असून सोबत मधुमेहासारखा आजार असल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो, कारण आपल्याकडे तुलनेने कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठून मधुमेह लवकर जडतो. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या कलमात मात्र 40 आणि 35 हे आकडे आहेत. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईंचे वजन 96 किलो असेल, तर त्यांचा बीएमआय बरोबर 37.5 येतो. सर्जनच्या दृष्टीने त्या पात्र आहेत. कलमात नमूद केलेला आजार नसेल, तर कंपनीच्या दृष्टीने नाहीत.

ते कलम नीट वाचावे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार झालेली असावी, वय किमान 18 वर्षे असावे, आणि बीएमआय 40 किंवा त्याहून अधिक असावा. तो 35 ते 40 दरम्यान असेल, तर लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयधमनीचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप 2 मधुमेह यांपैकी एक आजार असावा, शिवाय शस्त्रक्रियेवाचूनचे उपाय करून ते फसलेले असावेत. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चारही सरकारी कंपन्या याच प्राधिकरणाच्या नियमांखाली काम करतात. गुडघेदुखी, वंध्यत्व किंवा पाळीच्या तक्रारी या यादीत नाहीत, हे अनेकांना दावा नाकारल्यावर कळते.

दुसरी मोठी चूक म्हणजे सगळ्या सरकारी योजनांना एकच समजणे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालतात. कार्डावर 5 लाख रुपयांचे संरक्षण लिहिलेले आहे म्हणून कोणतीही शस्त्रक्रिया त्यात बसत नाही. रुग्णालयातील आरोग्यमित्रांना (योजनेच्या मदतनिसांना) केवळ ‘होईल का?’ असे विचारू नये, तर सर्जनने सुचवलेल्या प्रक्रियेचे नाव देऊन ती यादीत कोणत्या क्रमांकावर आहे आणि त्या रुग्णालयाला त्यासाठी मान्यता आहे का, हे दाखवायला सांगावे. छिंदवाडा किंवा बालाघाटहून नागपुरात उपचारासाठी येणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की फुले योजना महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी आहे, तर आयुष्मान कार्ड राज्याबाहेरही चालते.

केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्यासाठी असलेली सीजीएचएस ही आरोग्य योजना म्हणजे विमा नव्हे. तिचा मार्ग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या रेफरलपासून सुरू होतो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांतील ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) कामगारांनाही आधी रेफरल लागतो. आधी खासगी रुग्णालयात दाखल व्हायचे आणि मग ‘तातडीची गरज होती’ म्हणून परतावा मागायचा, ही युक्ती येथे चालत नाही, कारण लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया ही जवळजवळ नेहमीच आधी ठरवून केली जाते.

आता कागदांकडे वळू, कारण बहुतेक दावे तिथेच अडतात. बीएमआय काढताना उंचीचा वर्ग होतो, त्यामुळे उंचीतील छोटी चूकही महाग पडते. 103 किलो वजन आणि 160 सेंटिमीटर उंची असेल, तर बीएमआय 40.2 येतो, तीच उंची चपला घालून 162 नोंदवली, तर तो 39.2 वर येतो. ओपीडीत घाईने घेतलेली ही एक नोंद पुढे प्रत्येक कागदावर नकलून जाते. म्हणून पहिल्याच भेटीत अनवाणी उभे राहून मोजमाप करून घ्यावे आणि तारखेसह केस पेपरवर लिहून घ्यावे. आणखी एक खाचखळगा आहे. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून सर्जन शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार देतात, त्यात काही किलो वजन उतरते, आणि दाखल होण्याच्या दिवशी बीएमआय 40 च्या खाली गेलेला दिसतो. रुग्णाने डॉक्टरांचे ऐकले म्हणून त्याचाच दावा अडचणीत यावा, हे विचित्र आहे खरे. पण आहार सुरू होण्याआधीचे वजन, आहार सुरू केल्याची तारीख आणि त्यानंतरचे वजन या तिन्ही गोष्टी डिस्चार्ज समरीत आल्या, तर कंपनीला शंका काढायला जागा राहत नाही.

आजाराचा पुरावाही याच बारकाईने जोडावा. ‘घोरतो’ असे लिहिणे पुरेसे नाही. स्लीप स्टडीचा (झोपेतील श्वासाच्या तपासणीचा) अहवाल लागतो, आणि तासाला 30 किंवा त्याहून अधिक वेळा श्वास अडकत असेल, तर तो विकार तीव्र मानला जातो. मधुमेहासाठी एकाच दिवसाच्या साखरेऐवजी काही महिन्यांच्या अंतराने केलेले एचबीए1सीचे (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचे) अहवाल आणि औषधे वाढवत नेल्याच्या चिठ्ठ्या लावाव्यात. हृदयासाठी इको किंवा अँजिओग्राफीचा अहवाल लागेल. वजन कमी करण्याचे प्रयत्न फसले हे दाखवण्यासाठी ‘तर्री-पोहे सोडले, अंबाझरीला रोज फिरायला जातो’ एवढे सांगून भागत नाही. आहारतज्ज्ञांच्या तारखांसह नोंदी आणि औषधांच्या चिठ्ठ्या लागतात.

येथे एक पेच आहे. ज्या मधुमेहाच्या आधारे दावा करायचा, तोच पॉलिसी घेताना लपवलेला असेल, तर केस पेपरवरचे ‘मधुमेह आठ वर्षांपासून’ हे वाक्य दोन वर्षांच्या पॉलिसीला बुडवू शकते. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी 2024 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त 36 महिने आहे, आणि सलग 60 महिने संरक्षण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडली, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. म्हणून नूतनीकरणात खंड पडू देऊ नये.

माझ्या एका नातेवाइकाच्या डिस्चार्ज समरीत कारण म्हणून फक्त ‘वजन कमी करण्यासाठी’ एवढेच लिहिले गेले होते, मधुमेहाचा उल्लेखही नव्हता. दुरुस्ती करून घेण्यात महिना गेला. कागद हातात आल्यावर तिथेच उभे राहून वाचावा.

दावा नाकारला गेला, तर फोनवर वाद घालण्याऐवजी कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी घ्यावे, आणि उत्तर त्याच कलमापुरते द्यावे. ‘लठ्ठपणा वगळलेला आहे’ असे मोघम कारण आले, तर वरच्या अटी एकेक करून पुराव्यासह मांडाव्यात. कंपनीच्या तक्रार विभागाने महिन्याभरात समाधान केले नाही, तर नकारानंतर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) विनाशुल्क, वकिलाशिवाय जाता येते. मात्र सीजीएचएस किंवा ईएसआयसीची तक्रार तिथे नेणे व्यर्थ आहे. ती त्यांच्याच यंत्रणेकडे न्यावी लागते.

मंजुरी मिळाल्यावरही दोन हिशेब वेगळे ठेवावेत. वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढण्याची शस्त्रक्रिया विमा सामान्यतः सौंदर्योपचार मानतो. आणि बी12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या तसेच रक्ततपासण्या आयुष्यभर चालू राहतात, तर रुग्णालयानंतरच्या खर्चाचे संरक्षण बहुतेक पॉलिसींत 60 किंवा 90 दिवसांत संपते.