पावसाळ्यात जुनं रिव्हॉल्व्हर चामडी म्यानात ठेवू नका

कोकणात वारसाहक्काने आलेलं परवान्याचं जुनं वेब्ली (इंग्रजी बनावटीचं रिव्हॉल्व्हर) बहुतेक घरांत त्याच्या मूळच्या चामडी म्यानातच कपाटात पडून असतं. बनावट दणकट, पण चामडं खारी दमट हवा शोषून धरतं आणि गणपती येईपर्यंत नळीवर, चक्राच्या खाचांत तांबेरा धरतो. निळसर काळी झिलई विरलेली असते तिथे आधी.

१. रिव्हॉल्व्हर उघडून चक्रातली काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत ना, ते डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.
२. जुन्या धुवट सुती धोतराच्या तुकड्याने कोरडं पुसा. घामट बोटांचे ठसेही गंजतात, म्हणून शेवटचा हात फडक्यानेच.
३. शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा. खोबरेल घरात हाताशी असतं खरं, पण ते खवट होऊन चिकटतं आणि घोडा जड चालतो.
४. सैलसर सुती पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरडे परता, पुन्हा निळे होतात. त्यासाठी भंगारातली कढई घ्या, स्वयंपाकाची नको.

म्यान वेगळं, हवेशीर जागी टांगा. डबा मात्र कुलपात.

काडतुसांना तेलाचा हात लावू नका. तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपलं तर बार फुसका जातो. चक्र डुगडुगत असेल तर घरी कानस घेऊन बसू नका, परवानाधारक कारागिराकडेच न्या.