पेनड्राइव्हमधून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम कशी चालवावी

लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडली असो किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपल्या सोयीने काम करायचे असो, लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम भरलेला एक पेनड्राइव्ह खिशात असला की अडत नाही. मात्र साध्या पद्धतीने तयार केलेला ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह काहीच लक्षात ठेवत नाही. कॉम्प्युटर बंद केला की वाय-फायचा पासवर्ड, सेव्ह केलेल्या फाइली, सेटिंग सगळे पुसले जाते. म्हणून पेनड्राइव्ह बनवतानाच त्यावर ‘पर्सिस्टन्स’साठी, म्हणजे आपले बदल टिकण्यासाठी, जागा राखून ठेवा. माझ्या मते या कामातली हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आणि यूएसबी ३.० चा घ्या. यूएसबी २.० वरही काम होते, पण प्रत्येक क्लिकनंतर वाट पाहावी लागते. नवख्यांना मी लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) सुचवेन, कारण विंडोजची सवय असलेल्याला ते लगेच हाताळता येते.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकत्र बांधलेली फाइल) उतरवा आणि विंडोजमध्ये रूफस हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडल्यावर त्याशेजारच्या ✓ खुणेच्या बटणावर क्लिक करा. फाइलचा एसएचए२५६ आकडा (फाइल अस्सल आणि पूर्ण उतरली का हे ओळखण्याची अक्षर-अंकांची खूण) दिसेल, तो संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळे असले तरी फाइल पुन्हा उतरवा. मग पर्सिस्टंट पार्टिशनची पट्टी सरकवून निदान ८ जीबी जागा द्या आणि ‘स्टार्ट’ दाबा. यात पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा आधीच्या फाइली दुसरीकडे हलवून ठेवा.

आता बूट करण्याचे, म्हणजे पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करण्याचे. कॉम्प्युटर सुरू होताच एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबत राहा. कंपनीगणिक बटण वेगळे असते. विंडोज सुरूच असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मध्ये पेनड्राइव्ह निवडा. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी कॉम्प्युटरची सुरक्षा सोय) आडवे आले तर ते लगेच बंद करू नका. विंडोजच्या डिस्कवर बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप असेल, तर सिक्युअर बूट बंद केल्यावर ते रिकव्हरी की (कुलूप उघडण्याचा लांब आकडा) मागू शकते. ती आधी हाताशी ठेवा.

मिंट सुरू झाले की डेस्कटॉपवर एक रिकामी फाइल तयार करा आणि रीस्टार्ट करा. फाइल जागेवर असेल तर पर्सिस्टन्स चालू आहे. डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ चिन्हाला मात्र हात लावू नका. ते कॉम्प्युटरच्या डिस्कवर मिंट बसवण्यासाठी आहे.

सगळी सिस्टिम एकदम अपडेट करण्याचा मोह टाळा. राखीव जागा भराभर संपते आणि नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) उतरला तरी बूट जुन्यावरूनच होते. ब्राउझरसारखे रोजचे तेवढे अपडेट करा. काही महिन्यांनी नवी आयएसओ घेऊन पेनड्राइव्ह नव्याने बनवणे जास्त सोपे.

लाइव्ह मिंटला पासवर्ड नसतो, त्यामुळे पेनड्राइव्ह हरवला तर तो सापडणाऱ्याला तुमच्या फाइली सहज वाचता येतात. खासगी कागदपत्रे ठेवायचीच असतील तर टेल्स ही पेनड्राइव्हवरून चालणारी दुसरी लिनक्स सिस्टिम वापरा. त्यातली कायमची साठवण पासफ्रेजने कुलूपबंद असते आणि इंटरनेटची ये-जा टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून होते. तो वेग कमी वाटेल, पण अशा कागदपत्रांसाठी तेवढे सोसावे.

काम झाल्यावर ‘शट डाउन’ करा आणि कॉम्प्युटर पूर्ण बंद झाल्यावरच पेनड्राइव्ह काढा. लिहिणे चालू असताना ओढला तर राखीव भागातल्या फाइली खराब होऊ शकतात. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडेही ठेवा.